कायम पेशी

शरीर असो की कार्यालय, धोका दिसताच ओरडणारे कोणीतरी लागते, हे सर्वमान्य आहे. (तो ओरडणारा आपल्या खात्यात नको, हेही सर्वमान्य आहे.)

शरीरात हे काम डेंड्रिटिक पेशींकडे असते. चहूकडे फांद्या पसरून त्या टपून असतात. जंतू दिसला की त्याचा तुकडा उचलून वरिष्ठांकडे धावतात आणि बोंब ठोकतात. दोष एकच, प्रयोगशाळेत आठवडाभरात मरतात. म्हणून आमच्या संस्थेने (मी तेथे कायम आहे) त्यांना अमर करायचे ठरवले. आत एक परका जनुक घातला, मरण्याची तरतूद रद्द केली, सदतीस अंशांची ऊब आणि दिवसाआड ताजे खाद्य लावून दिले. या नव्या वंशाला संचालकांनी नाव दिले ‘कायम-१’.

कायम-१ फोफावला. सहा वर्षांत त्यावर चव्वेचाळीस औषधे तपासली गेली. पेशींनी एकाही औषधाविरुद्ध तक्रार केली नाही, त्यामुळे चव्वेचाळीसही निर्धोक ठरली. आम्हाला उत्कृष्ट संस्थेची ढाल मिळाली.

घोटाळा केला तो एका कंत्राटी तंत्रज्ञ बाईंनी. नऊ वर्षे कंत्राटावर राहून त्यांना काम करण्याची खोड जडली होती. त्यांनी पेशींवर चक्क जंतू सोडले. पेशी ढिम्म. दुप्पट सोडले. पेशींनी फांद्या केव्हाच आवरल्या होत्या. गोल होऊन नुसत्या खात होत्या.

बाई तडक संचालकांकडे गेल्या. “साहेब, ह्या पेशी काही ओळखतच नाहीत! सगळी औषधं परत तपासायला हवीत.”

“सहा वर्षांत त्यांनी कधी तक्रार केली?”

“अहो, तेच तर सांगतेय!”

संचालकांनी खणातून एक कागद काढून बाईंच्या अहवालाशेजारी ठेवला. “तुम्हाला कायम करायचा आदेश आलाय. सही तेवढी राहिलीय माझी. अहवालाचं काय करायचं, ते तुम्हीच बघा.”

बाईंनी अहवाल उचलला आणि पिशवीत घातला.

आता त्या कायम आहेत. खिडकीजवळचे टेबल मिळाले आहे. पंचेचाळिसावे औषध परवाच निर्धोक ठरले. खालची सही त्यांची आहे.

यातले एखादे औषध तुमच्याही घरात असेलच. तरी तुम्ही इथवर शांतपणे, मधूनमधून हसत वाचत आलात. अभिनंदन. तुम्हाला कायम करायला तर आदेशही लागला नाही.