अर्ध्या बोटाचा फरक

तायडे सरांनी उभ्या नोकरीत वर्तुळ काढायला कंपास वापरला नाही. शाळेचा मोठा लाकडी कंपास कार्यालयात खिळ्याला टांगलेला असे. सर त्याला आपली छत्री अडकवत. कुणी हटकलं तर म्हणत, "कुबडी हाय ते. माहे हातपाय शाबूत हायेत."

सत्तरच्या दशकात आम्ही दोघं किन्हीराजापासून दोनेक कोसांवरच्या एका शाळेत होतो. मी मराठी शिकवायचो, ते गणित. फळ्यासमोर उभं राहून ते खांदा घट्ट धरायचे, हात ताठ करायचे आणि एका दमात खडू गरकन फिरवायचे. पोरांना सांगायचे, "खळ्यातली मेढ पाह्यली ना? बैल भोवती फिरतेत, मेढ जागची हालत नाई. तुमचा खांदा म्हंजे मेढ." दिवसदिवस मळणीचे बैल हाकलेल्या पोरांना हे लगेच कळायचं.

हल्ली माझी नात संगणकावर एक कळ दाबून वर्तुळ काढते. सर असते तर तिला म्हणाले असते, "हे मशिनचं झालं. तुहं कोनतं?"

या माणसाला जेवायला बोलावणं म्हणजे मात्र संकट. भाकर ताटात पडली की आधी डोळ्यांनी मोजणार. "वहिनी, डाव्या अंगाले फुगली जराशी." माझ्या बायकोने चार वेळा ऐकून घेतलं. पाचव्या वेळी तिने चक्क चौकोनी भाकर थापून वाढली. सरांनी चारी कोपऱ्यांवरून बोट फिरवलं आणि गंभीरपणे सांगितलं, "काटकोन दोनच जमले." पुढे आठ दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही.

एका वर्षी मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं : ज्याच्याकडे कंपासपेटी नाही, त्याने भूमितीच्या तासाला वर्गाबाहेर उभं राहायचं. तपासणीला मोठे साहेब येणार होते, त्यांना शिस्त दाखवायची होती. वर्गात पोरं चाळीस आणि पेट्या अकरा. नोटिशीवर सगळ्या शिक्षकांनी सह्या केल्या, माझी तर पहिलीच होती, आणि त्याची मला आजही लाज वाटते. एकट्या तायडे सरांनी केली नाही.

मी त्यांना समजावायला गेलो. "सर, एका दिवसाचा प्रश्न आहे. साहेबांनी शेरा मारला तर बदली होईल."

"होऊ द्या," सर म्हणाले. "पोरं बाहेर गेली तं मीबी बाहेर."

साहेब आले तेव्हा वर्ग गच्च भरलेला होता. सरांनी त्यांना "जयभीम" केला आणि फळ्यावर हातानेच वर्तुळ काढलं. साहेबांनी पट्टी मागवली आणि खरोखरच मोजायला लागले. आधी उभा व्यास, मग आडवा. अर्ध्या बोटाचा फरक निघाला. मुख्याध्यापकांचा चेहरा खुलला. मी दारात उभा होतो.

"फरक हाय," सर म्हणाले. "लिहून घ्या साहेब, माह्या नावावर लिहा. पन पेटी नाई म्हनून या वर्गातलं एकबी लेकरू बाहेर जानार नाई."

साहेबांनी लिहून घेतलं. त्यांचं लिहून होईपर्यंत सर हात मागे बांधून समोर उभे होते.

महिन्याभरात बदलीचा कागद आला, पार धनजच्या पलीकडे. ती नोटीस मात्र पुन्हा कुणी काढली नाही. पोरं वर्गातच बसली.

निरोपाच्या दिवशी आम्ही एसटीची वाट बघत बसलो होतो. मला राग आवरेना. म्हटलं, "एकदा तो कंपास हातात धरला असता तर काय बिघडलं असतं? एवढा कसला हट्ट?"

सर म्हणाले, "मी शिकत होतो तवा आमच्या जातीच्या पोरायले वऱ्हांड्यात बसवत. माही जागा दाराच्या आडोशाले. तेथून मले अर्धाच फळा दिसे. मास्तर गोल काढे, त्याचा अर्धा भाग दिसे. राह्यलेला मी अंदाजानं धुळीत बोटानं काढत होतो."

"बरोबर यायचा?" मी विचारलं.

"कोनाले मालूम," सर म्हणाले. "मास्तरनं कधी बाहेर येऊन पाह्यलंच नाई."