मशीनला सांगितलेली तारीख

इंटरनेटवर माहिती कशी टाकावी, हे अख्ख्या डहाणू तालुक्यात एकट्या मला कळतं, असं मी २०१९च्या जानेवारीपर्यंत छातीठोकपणे सांगत असे. स्टेशनजवळ माझा कॉम्प्युटर क्लासच होता ना!

घोलवडच्या सुनिलमामांची घराच्या अंगणातच चिकूच्या कलमांची नर्सरी. दोन मार्चला तिथे कलम बांधण्याचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. वेबसाइट अर्थात माझ्याकडे!

"मामा, माणूस पान वाचतो, पण मशीनला काही कळत नाही," मी ऐटीत म्हणालो. "कार्यक्रमाचं नाव कुठलं, जागा कुठली, तारीख कुठली, हे पानाच्या पोटात खुणा करून सांगावं लागतं. मग लोकांनी शोधलं की कार्यक्रम आपोआप वर दिसतो!"

"कर बाबा," मामा म्हणाले. "फक्त तीन फेब्रुवारीला मध्ये येऊ नकोस. चंद्रिकेला बघायला पालघरचे येतायत."

चंद्रिका त्यांची मुलगी. आधीची दोन स्थळं मोडली होती, त्यामुळे जयश्रीमामी महिनाभर उकळत्या चहासारखी खदखदत होती. मी खुणा केल्या, तपासून पाहिल्या. एकही चूक नाही!

तीन फेब्रुवारीच्या रविवारी मामीच्या हुकमावरून मी पोह्यांवर कोथिंबीर पेरायला हजर होतो. दारात जीप थांबली. पाच माणसं उतरली.

"कार्यक्रम इथेच ने?" पुढच्या टोपीवाल्या काकांनी विचारलं.

"हो हो, या ना!" मामी पदर सावरत धावली. पालघरची माणसं गुजराती वळणाचं का बोलतायत, हे विचारायला कोणाला सवड होती!

पोहे झाले. काका घसा खाकरून म्हणाले, "बेन, उंची किती?"

"पाच फूट तीन इंच."

"बस? अजून वाढेल ने?"

"आता कसली वाढते! चोवीस पूर्ण झाली."

काका चकित झाले. "चोवीस? तरी एवढीच? बरं, खारी हवा सोसेल?"

"जन्मापासून इथलीच आहे हो!"

"मग फळ कधी?"

मामांना जोराचा ठसका लागला. मामीचा चेहरा पिकल्या मिरचीसारखा झाला. काका मात्र शांत. "आम्ही तीन वर्षं वाट बघतो. नाही धरलं, तर उपटून दुसरं आणतो."

"अहो, माणसं आहात की कोण!" मामी कडाडली.

"रागावू नका, बेन! आम्ही रोखीने घेऊन जाणार. आणि एक नाय, पंचवीस पाहिजेत. टेम्पो मागून येतोय!"

पंचवीस! माझ्या हातातली कोथिंबीर गळून पडली. मी मोबाइल काढून शोधलं. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत: 'कलम प्रात्यक्षिक, घोलवड. ३ फेब्रुवारी. प्रवेश विनामूल्य.'

मशीनला आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लागतो. मी वर्ष लिहिलं आणि पुढे सवयीने दिवस आधी लिहून मोकळा! दोन तारीख झाली दुसरा महिना, आणि मार्चचा तीन झाला तीन तारीख. आणि फेब्रुवारीत तीन तारीख असतेच, मग तपासणीत चूक सापडणार कशी?

"मामा," मी कुजबुजलो, "हे पालघरचे नव्हेत, गुजरातेतल्या उंबरगावचे शेतकरी आहेत. अजून येतील."

आलेच! वेवजीहून मोटारसायकली आल्या, तलासरीहून रिक्षा. अंगणात पाय ठेवायला जागा उरेना. एवढ्यात पालघरची गाडी आली. मुलगा, त्याची आई, वडील. त्यांना खुर्ची नाही, पोहे नाहीत! तिसरं स्थळ मोडणार, आणि तेही माझ्यामुळे!

टोपीवाल्या काकांनी मुलाच्या वडिलांना सरकून जागा दिली. "तुम्ही किती नेणार?"

"आम्ही? एकच."

"एकाने काय होतंय! बघून, निवडून घ्या. दहा तरी न्या!"

वडील उठायलाच निघाले. मी देवाचा धावा करू लागलो. आणि चंद्रिका चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिने गर्दी पाहिली, माझा उतरलेला चेहरा पाहिला. ट्रे माझ्या हातात कोंबला, पदर खोचला, चाकू घेतला आणि थेट रोपांपाशी जाऊन बसली.

"जवळ या सगळे. काप असा तिरका घ्यायचा..."

सगळे तिच्याभोवती गोल करून बसले. तासभर ती बोलत होती. मुलाची आई पुढे सरकत सरकत पार तिच्या शेजारी जाऊन बसली. मुलाने एक कलम बांधून पाहिलं, ते सुटलं, दोघं हसली. मामीच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी पालघरहून फोन आला. मामांनी स्पीकर लावला.

"आम्हाला पसंत आहे," मुलाचे वडील म्हणाले. मामीने डोळे मिटून हात जोडले. "ती कालीपत्ती चिकूची जात. पंधरा कलमं बाजूला काढून ठेवा. मुलीचं काय ते घरात विचारून सांगतो."

सगळ्यात मोठ्याने चंद्रिका हसली. मामीने डोळे उघडले आणि हळूहळू माझ्याकडे वळवले. मी पाण्याची झारी उचलली आणि बागेच्या पार दुसऱ्या टोकाला गेलो!