अण्णांचे वय कमी करणेबाबत

सोमवारी सकाळी मुरलीधर बेंद्रे एकाहत्तर वर्षांचे होते आणि दुपारच्या चहाच्या आत ते आठ वर्षांचे झाले, कारण शिक्षण कचेरीचा तसा आदेश होता.

आदेश घेऊन आलेल्या कानडे मॅडमनी मुरलीधररावांना बाहेरच्या खोलीत उभं राहायला सांगितलं आणि आदेश मोठ्याने वाचला. वाचून संपला तेव्हाही ते उभेच होते, फक्त बरेच खाली गेले होते. सदरा घोट्यापर्यंत लोळत होता. चष्मा नाकावरून घसरून फरशीवर पडला. तो फुटला नाही, पण आता त्याची गरजही उरली नव्हती.

त्यांची मुलगी सुप्रिया चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तो ट्रे हातातून कसा पडला नाही, याचं तिला पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं. क्षणापूर्वी जिथे बाप होता तिथे एक पोरगा होता, आणि त्याच्या कानाच्या पाळीवर अण्णांचाच तीळ होता.

"अण्णा?" ती कशीबशी म्हणाली.

"काय गं?" अण्णा म्हणाले. आवाज किनरा निघाला. त्यांनी दचकून गळ्याला हात लावला.

"साखर कमी आहे ना यात?" कानडे मॅडमनी ट्रेकडे बघत विचारलं. "मला बंद केलीय डॉक्टरांनी."

या सगळ्याला कारण झाले ते अण्णाच. सुप्रियाचा मुलगा ओजस आठ वर्षांचा, आणि दिवाळीपासून तिने त्याला शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतलं होतं. नवरा बोटीवर, वर्षातून एकदा घरी येणारा. तो म्हणाला होता, तुला योग्य वाटेल ते कर. शाळेत ओजसला कुणी मारत नव्हतं की चिडवत नव्हतं. मधल्या सुट्टीत पोरं त्याला खेळायलाही घ्यायची, पण लिंबूटिंबू म्हणून. लिंबूटिंबू म्हणजे खेळात असून नसलेला. त्याला पकडलं तरी तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, आणि एखादवेळी त्यानेच कुणाला शिवलं तर तेही कुणी धरत नाही. दोन वर्षं तो असा सगळ्यांच्या मधून पळत होता. मग तो पळायचा थांबला आणि हळूहळू बोलायचाही. सुप्रिया म्हणाली, पुरे झाली ही शाळा.

अण्णांना हे मुळीच पसंत नव्हतं. एसटी स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत बसून गाड्या पुकारण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि माणसाने माणसांत असावं यावर ते ठाम होते.

"अगं सुपे, नुसता भागाकार येऊन काय करायचाय? पोराला माणसांची सवय नको? उद्या चारचौघांत तोंडाला कुलूप लागेल त्याच्या."

"ते कुलूप चारचौघांनीच लावलंय, अण्णा," सुप्रिया म्हणायची.

हे रोज चालायचं. सुप्रिया काही ऐकेना, तेव्हा अण्णा तिला न सांगता कचेरीत गेले आणि नातवाला बरोबरीची सोबत नाही अशी रीतसर तक्रार करून आले. आल्यावर तिच्या हातचं थालीपीठ त्यांनी चवीने खाल्लं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

आता खात्याचा नियम तसा सरळ आहे. घरी शिकणाऱ्या मुलाला घरात त्याच्या वयाचं कुणीतरी लागतं. नसेल, तर घरातल्याच एका माणसाचं वय तेवढं करून देण्यात येतं.

"पण कुणाचं, ते कसं ठरवलंत तुम्ही?" सुप्रियाने विचारलं.

"ज्याला काळजी, त्याची संमती धरतात," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर लोक उगाच काळज्या करत बसतात हो."

"मला हे सांगितलं नाही कुणी," अण्णा म्हणाले.

"कचेरीच्या भिंतीवर लावलंय की, जिन्यापाशी." मॅडमनी चहा संपवला. "आणि हे बघा, बीपीच्या गोळ्या बंद करा त्याच्या. लहान मुलाला चालत नाहीत त्या."

पहिले काही दिवस अण्णा अण्णांसारखेच वागले. ओजसचा शर्ट घालून ते आरामखुर्चीत बसायचे, पाय लोंबते ठेवून पेपर वाचायचे आणि अग्रलेख वाचून नाक मुरडायचे. सुप्रियाने चहाऐवजी दूध दिलं की अपमान झाल्यासारखं तोंड करायचे. तिची मात्र भंबेरी उडाली. बापाला एकेरी हाक मारण्याची त्या घरात रीत नव्हती. "अण्णा, नाक पुसा," ती म्हणायची. "अण्णा, तुम्ही गादीवर उड्या मारू नका." शेजारच्या वहिनी हे ऐकून म्हणाल्या, पोरांशी किती आदराने बोलता हो तुम्ही, आमच्याकडे नुसता आरडाओरडा.

एका सकाळी अण्णांनी बोळात पळणाऱ्या ओजसला पकडलं. ओजस नेहमीसारखा पुन्हा पळू लागला.

"ए, थांब! राज्य आलं तुझ्यावर."

"माझ्यावर नसतं येत. मी लिंबूटिंबू आहे."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"इथे आपण दोघंच आहोत," अण्णा वैतागून म्हणाले. "तू लिंबूटिंबू, तर मी काय भिंतीशी खेळू? घे राज्य गपचूप."

ओजस जागच्या जागी उभा राहिला. मग त्याने अशी किंकाळी फोडली की सुप्रिया पिठाचे हात घेऊन धावत आली. तिला वाटलं पोरगं भाजलं. पोरगं भाजलं नव्हतं. ते हात पसरून आजोबांच्या मागे लागलं होतं आणि आनंदाने ओरडत होतं. त्या दिवसापासून घरात भांडणं सुरू झाली, कट्टी झाली, बट्टी झाली. कंपासपेटीवरून दोघांनी एकमेकांना चावे घेतले. ओजस जेवता जेवता बोलू लागला आणि बोलायचा थांबेना. सुप्रियाला इतकं बरं वाटलं की बापाचं काय झालंय याकडे तिचं जरा दुर्लक्षच झालं.

अण्णा विसरू लागले होते. आधी पेपर गेला. मग गाड्यांची नावं गेली. ओजसने विचारलं, तुम्ही स्टँडवर काय करायचात, तर अण्णांनी खांदे उडवले. मग एकदा हातात भोवरा घेऊन ते बाहेरच्या खोलीत आले आणि भिंतीवरच्या फोटोपुढे थबकले.

"ही कोण गं?"

फोटो सुप्रियाच्या आईचा होता. चार वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हापासून त्या फोटोला रोज सकाळी फूल वाहायचं काम अण्णांचं होतं.

"ती... इंदुमती," सुप्रिया म्हणाली.

"छान आहे," अण्णा म्हणाले आणि भोवरा घेऊन बाहेर पळाले, कारण त्यांची पाळी होती.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत जाऊन कानडे मॅडमपुढे उभी राहिली. तिला बाप परत हवा होता, एवढंच तिने सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आदेश ओजससाठी आहे. तो शाळेत जायला लागला की आदेशाची मुदत संपते."

सुप्रिया घरी आली आणि तिने ओजसला विचारलं. जी शाळा तिने पोटतिडकीने सोडवली होती, तिथेच जाशील का म्हणून विचारताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओजसने क्षणभर विचार केला.

"जातो. पण मला लिंबूटिंबू केलं तर मी भांडणार."

ओजस ज्या दिवशी शाळेत गेला, त्या दिवशी सुप्रियाने अण्णांच्या सदऱ्याला इस्त्री केली, चष्म्याच्या काचा पुसल्या आणि कोरा चहा टाकला. बाहेर येऊन बघते, तर खुर्ची रिकामी. खुर्चीखाली मुरलीधर बेंद्रे, वय वर्षे आठ, गुडघ्यांत डोकं घालून हमसून हमसून रडत होते.

"ओजस कुठे गेला? मला एकट्याला टाकून का गेला?"

तिने त्यांना कडेवर घेतलं, आणि घेतल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण कुणाला कडेवर घेतलंय. तशीच ती कचेरीत गेली आणि मॅडमच्या टेबलापाशी तिने त्यांना खाली उतरवलं.

"मुदत संपली हे बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "पण वय आपोआप परत येत नाही. ज्याचं वय, त्याला मागावं लागतं. आणि मधल्या काळात हा मुलगा शाळेत जात नाही. म्हणजे घरी शिकणारा झाला. याच्या बरोबरीचं कुणी दिवसभर घरात नाही. दुसरं माणूस कोण असतं घरी?"

"मी."

मॅडमनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुम्हाला याची काळजी वाटते का?"

वाटते, असं सुप्रिया म्हणणारच होती. शब्द अगदी ओठांवर आला होता. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"मग त्यालाच विचारू या," मॅडम म्हणाल्या. "काय रे बाळ, तुला परत एकाहत्तर वर्षांचं व्हायचंय?"

अण्णांनी डोळे पुसले आणि सुप्रियाला विचारलं, "तेव्हा मी काय करायचो?"

"खिडकीत बसून गाड्या पुकारायचात. नंतर घरीच असायचात. पेपर वाचायचात."

"खेळायचो?"

"नाही."

"का नाही? मला कुणी घ्यायचं नाही?"

सुप्रियाला खोटं सांगता आलं असतं. "मी घ्यायचे," ती म्हणाली. "लहान होते तेव्हा. चला ना अण्णा, म्हणून हात ओढायचे. तुम्ही म्हणायचात, दमलोय गं."

अण्णांनी बराच वेळ टेबलाच्या कडेवर बोट फिरवलं.

"मोठा होईनच की मी," ते म्हणाले. "सगळेच होतात. एकदम कशाला?"

"नोंद घेते," मॅडम म्हणाल्या.

सुप्रियाला रडू आवरेना. "अहो अण्णा, मला बाप नको का?" ती भर कचेरीत म्हणाली. शेजारच्या टेबलावरचे लोक मान वर न करता काम करत राहिले. मोठं माणूस रडलं की पोरं जशी ओशाळतात तसे अण्णा ओशाळले. खिशातला चुरगळलेला रुमाल त्यांनी तिच्यापुढे धरला.

"तू पण ये आमच्यात," ते म्हणाले. "आम्ही घेऊ तुला."

"तसं करता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "विचारलं तेव्हा यांनी होकार दिला नाही. आता याला शाळेतच घाला."

आठवड्याभरात मुरलीधर बेंद्रे यांचं नाव ओजसच्याच वर्गात, तिसरीत दाखल झालं. ते पहिल्या दिवशी जराही रडले नाहीत. फाटकातून आत पळाले ते मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. सुप्रिया रिकाम्या घरात परत आली आणि दुपारपर्यंत त्या आरामखुर्चीसमोर जमिनीवर बसून राहिली.

पावसाळा सरता सरता शाळेतून बोलावणं आलं. वर्गशिक्षिका तरुण होत्या आणि घाईत होत्या.

"ओजसचं काही नाही हो, तो मस्त आहे. या मुरलीचं बघा जरा. भयंकर बडबडतो. आणि काल खेळताना बाद झाला तर कबूलच करेना, वर त्या पोराला ढकललं. गुडघा फुटला त्याचा. तुम्हीच ना पालक?"

"हो," सुप्रिया म्हणाली.

शाळा सुटली. दोघं दप्तरं हलवत बाहेर आले. रस्त्याच्या कडेला, कुंपणापाशी ती थांबली. काय बोलावं हे तिने ठरवलं नव्हतं.

"मुरली!"

अण्णा थांबले. ओजसही थांबला.

"लोकांच्या पोरांना ढकलायचं? बाद झालो तर झालो म्हणावं सरळ! हेच शिकवलं का मी तुला?"

आपला आवाज इतका चढलेला ऐकून तिलाच धक्का बसला. उगारलेला हात तसाच हवेत राहिला. ज्या माणसाला तिने उभ्या आयुष्यात एकेरी हाक मारली नव्हती, तो मान खाली घालून बुटाच्या टोकाने माती उकरत होता. येणारी जाणारी माणसं बघून पुढे जात होती. पोराला आई रागावते, त्यात बघण्यासारखं ते काय.

"परत नाही करणार, आई," तो म्हणाला.

चुकून बोलला असेल, आता सुधारेल, म्हणून सुप्रिया थोडा वेळ थांबली. ओजसकडेही तिने पाहिलं. ओजसला काही वावगं वाटलेलं दिसत नव्हतं. तो चला ना आता असं तोंड करून उभा होता.

तिने हात खाली घेतला आणि मुरलीच्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

"घरी गेल्यावर आधी पाय धुवायचे," ती म्हणाली. "दोघांनीही."

"हो!" दोघं ओरडले आणि पळत सुटले. तिने मागून हाक मारून सांगितलं की रस्ता बघून पळा.