अळंबीची माळ आणि प्रथिनांचा तक्ता

१९७९ सालच्या जानेवारीत मुळशीच्या डोंगरातल्या एका वाडीत बालकांच्या आहाराची पाहणी करायला आमचे साहेब पौडहून जीपने निघाले. मी कारकून, तक्ता भरायला बरोबर होतो. वाडीतल्या बालवाडीत मुलांना सरकारकडून रोज मूठभर सुकडी, म्हणजे भाजक्या पिठाचा गोड पौष्टिक खाऊ, मिळे. ती चालू ठेवायची की बंद करायची, एवढंच ठरवायचं होतं.

दुपारी आम्ही तुळजाबाईंच्या घरी टेकलो. त्यांची तीन वर्षांची नात अनुसया दाराशी उभी होती. हातापायांच्या काड्या, पोट तेवढं पुढे. मला वाईट वाटलं, पण तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. पाहुणे आले म्हणून तुळजाबाईंनी चुलीवर टांगलेली सुक्या अळंबीची माळ उतरवली. पावसाळ्यात रानातून गोळा करून, दोऱ्यात ओवून, धुरावर वाळवलेली ती वर्षाची एकच माळ होती. ती भिजवून त्यांनी मिरची-लसणाचं कालवण केलं. साहेबांनी दोनदा वाढून घेतलं. मीही घेतलं.

"अत्यंत पौष्टिक," साहेब बोटं चाटत म्हणाले. "शंभर ग्रॅम सुक्या अळंबीत पंचवीस ग्रॅम प्रथिने. लिहा."

"सायेब, ही आमी रोज न्हाई खात," तुळजाबाई म्हणाल्या. "पाव्हणा आला तरच. पोरं नाचणीची भाकर खात्यात, मिठासंगं."

"बाई, पाहणीच्या दिवशी शिजेल तेच दैनंदिन अन्न समजावं, असं परिपत्रक आहे."

मी 'रोज' असं लिहिलं.

महिन्याभरात आदेश निघाला: सदर वाडीतील बालकांना गरजेपेक्षा जास्त प्रथिने मिळत असल्याने सुकडीचा पुरवठा थांबवण्यात येत आहे. तुळजाबाई नातीला कडेवर घेऊन पौडपर्यंत चालत आल्या. "पोरगी भुकंनं रडून रडून गप झालीया. एकदा येऊन बघा तरी." साहेब न्यायी माणूस. त्यांनी उन्हाळ्यात फेरपाहणी लावली.

या खेपेला चुलीवर नुसता दोरा लोंबत होता.

"अळंबी कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"तुमीच तर खाल्ली."

"म्हणजे साठा संपला. म्हणजेच सेवन पूर्ण झालं," साहेब समाधानाने म्हणाले. "लिहा, शंभर टक्के."

"अवं, पर पोरांच्या पोटात कुटं गेली?"

"कुणाच्या पोटात, हे तक्त्यात विचारलेलं नाही."

मग अनुसयाला काट्यावर ठेवलं. जानेवारीतल्या नोंदीपेक्षा वजन एक किलोने घटलं होतं. साहेबांनी स्वतःच्या हाताने शेरा लिहिला: 'प्रथिनयुक्त आहारामुळे अनावश्यक मेद उतरला.' ती पोर काट्यावरून उतरून जमिनीवरच बसली. मला तिच्याकडे बघवेना. मी शेऱ्याखाली शिक्का मारला.

मुळशीच्या डोंगरात आता कुपोषण उरलेलं नाही, ही बातमी पुण्याच्या वर्तमानपत्रात चौकटीत छापून आली. आपण ती सकाळच्या चहाबरोबर वाचली, आपल्याला बरं वाटलं आणि आपण पान उलटलं. त्या वेळी आपल्या बशीत काय होतं, याची पाहणी करायला आमचं खातं आलं नाही. कधी येणारही नाही.