माझा पहिला परदेशी चोर

"बापू, इतकी वर्षं ट्रक चालवला, पण तुम्हाले चोर तरी ओळखता येते काय?"

हा प्रश्न माझा नाही! मी बापूंना हे विचारूच शकणार नाही, अशी पैज माझ्या वर्गातल्या निकिता आणि शबानानं लावली होती. आमचे बापू म्हणजे माझे वडील, धरमसिंग राठोड, वणीच्या कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्यांची मिशी पाहून समोरचा ट्रक आपोआप डिपर मारतो! पण भाषणस्पर्धेत पहिली आल्यापासून मी कुणालाही काहीही विचारते.

"नाई येत बा," बापू म्हणाले. "तुले येते?"

"म्हणजे काय! सारे व्हिडिओ पाह्यले मी!"

कारण आम्ही आमच्या गाडीनं नेपाळला, पशुपतिनाथाला निघालो होतो. आणि परदेशी नंबरची गाडी दिसली की तिकडचे चोर काय करतात, ते मला पाठ होतं. एक जण मोटरसायकलवर येतो, टायरकडे बोट दाखवतो. आपण भोळ्यासारखे उतरून टायर पाहतो, तेवढ्यात दुसरा मागच्या दारातून बॅग लांबवतो!

"म्हणून याडीची काळी बॅग मी सांभाळीन," मी जाहीर केलं. याडी म्हणजे माझी आई. त्या बॅगेत तिच्या आईची घुगरी-टोपली होती. हे चांदीचे दागिने आमच्या बायका केसांत, कानाशी लोंबते घालतात. आईची तेवढीच एक वस्तू याडीजवळ राहिलेली. मुकुटबनजवळच्या आमच्या बंजारा तांड्यात कुलपात ठेवली तर चोर नेईल, म्हणून ती परदेशात न्यायची, हे डोकं याडीचं!

"अन् चोर दिसला की मी गोरबोलीत सांगीन, 'चोर छ!' म्हणजे 'चोर आहे'. तिकडं कोणाले समजते आपली बोली?" (घरी आम्ही गोरबोलीच बोलतो. तुमच्यासाठी वऱ्हाडीत लिहून राह्यली.)

सरहद्द ओलांडली. एका टपरीवर चहा घेतला. निघताना कोणी टायरमध्ये खिळा तर ठोकला नाही ना, म्हणून मी बॅग बाजूला ठेवून, रस्त्यावर पालथी पडून, चारही टायर तपासले.

"उठ व माय," याडी म्हणाली, "लोकाईले वाटते तुले चक्कर आली!"

गाडी निघाली. आणि थोड्याच वेळात मागून मोटरसायकल आली! डोक्यावर लाल हेल्मेट. हॉर्नवर हॉर्न! पोरगा अगदी खिडकीशी आला, आमच्या गाडीकडे बोट दाखवायला लागला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! अभ्यास केलेलाच प्रश्न पेपरात यावा तसा!

"काचा वर! बापू, थांबू नका! चोर छ!"

"पण तो टायर नाई दाखवून राह्यला, वर बोट करून राह्यला," बापू म्हणाले.

"म्हणजे वर पाठवतो म्हणते आपल्याले! पळवा गाडी!"

कोळशाचा ट्रक हाकणाऱ्या माणसाला पळवा म्हटलं की काय होतं? वळणावर मी याडीच्या मांडीवर आणि याडी दारावर! मागं पाहिलं, तर तो पोरगा थांबून रस्त्यावरून काहीतरी काळं उचलत होता.

"वाचलो!" म्हणत मी बॅगेवर हात ठेवायला गेले. तिथं फक्त सीट होती.

"बापू! त्यानं बॅग नेली!"

"चालत्या गाडीतून? काच बंद असताना?"

"भयंकर हुशार हाय तो!"

याडीनं नुसता हात कानाशी नेला, घुगरी लोंबते तिथं. व्हिडिओत हे कोणी दाखवत नाही.

बापूंनी गाडी वळवली. समोरून तो पोरगा आमच्याकडेच येत होता, बॅग पोटाशी धरून! बापूंनी गाडी आडवी घातली. मी काच खाली करून गाव गोळा होईल अशी ओरडले, "चोर छ! चोर छ!"

त्यानं हेल्मेट काढलं. धापा टाकत हसला.

"चोर छैन, बहिनी! झोला छ!"

म्हणजे 'चोर नाही, बॅग आहे!' नेपाळीतही 'आहे'ला 'छ'च! गोरबोली परक्या मुलखात कोणाला समजत नाही म्हणे! मग त्यानं हिंदीत सांगितलं. टपरीपासून बॅग आमच्या गाडीच्या टपावर बसून प्रवास करत होती. टायर तपासताना बाजूला ठेवली म्हणाले ना, ती बाजू म्हणजे टप!

याडीनं बॅग उघडली. घुगरी-टोपली जशीच्या तशी! तिनं ती डोळ्यांना लावली आणि दुसऱ्या हातानं त्या पोराचा हात धरला. "माह्या मायले परत आनलं रे भाऊ तुनं!"

त्याचं नाव डम्बर. याडी त्याला सोडेचना. रस्त्याच्या कडेला सतरंजी अंथरून ज्वारीची भाकरी अन् मिरचीचा ठेचा खाऊ घातला. पहिल्या घासाला त्याचे कान हेल्मेटपेक्षा लाल झाले, तरी त्यानं ताट चाटूनपुसून खाल्लं. याडीचा भाऊ, म्हणजे माझा मामा! मी कान धरून माफी मागितली. डम्बरमामा म्हणाला, "कोई बात नहीं, आवाज अच्छी है."

तो गेला तरी आम्ही वळणाकडे पाहत हात हलवत होतो. गाडीत बसल्यावर बापू मिशीतल्या मिशीत हसत होते. मग मीच घसा साफ केला.

"बापू, याडी, मी ठरवलं! आता घरापर्यंत माह्या बाजूची काच खालीच राहीन. चोर आला तं येऊ द्या, पण मामा आला तं ऐकू आला पाह्यजे!"