गुरुवारची गिटार

'मनाचं दुखणं लपवू नका, मोकळेपणी बोला' असं पोस्टरवर ठसठशीत लाल रंगात रंगवून झाल्यावर वाघोबांनी ब्रश धुतला आणि बायकोला नेहमीची थाप मारली.

"येतो गं. गुरुवार आहे ना आज, गिटारचा क्लास!"

वाघोबा म्हणजे कॉलनीच्या कला मंडळाचे सचिव. पोटापाण्याला चष्म्याचं दुकान, पण सभेत उभे राहिले की अशी डरकाळी फोडायचे की हे नाव त्यांना कायमचं चिकटलं. आता अशा माणसाने लिफ्टचं दार बंद झालं की आपली छाती धडधडते आणि घाम फुटतो, हे सांगायचं कुणाला? बायकोला तर नाहीच नाही. ती वाघाच्या भरवशावर निर्धास्त होती. म्हणून दर गुरुवारी ते गुपचूप मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे जात. थापेला पुरावा म्हणून एक गिटारही आणली होती. 'घरी वाजवली तर शेजारी ओरडतील' या सबबीवर ती कपाटावर धूळ खात पडली होती.

बायकोला मात्र भारी कौतुक. तिचा स्वतःचा मंगळवारी शिवणाचा क्लास असे. "कलावंतांचं घर झालंय हो आपलं," असं ती येईल त्याला सांगायची.

मनाच्या आजारांची लोकांना वाटणारी लाज जावी म्हणून मंडळाने लघुपट आणि कलासंध्या ठरवली, आणि पाहुण्या म्हणून बोलावलं नेमकं त्याच डॉक्टरीणबाईंना. वाघोबांचं बिंग फुटायची वेळ आली. आधार एकच होता. पेशंटने ओळख दाखवल्याशिवाय बाहेर कुठेही आपण दाखवायची नाही, हा बाईंचा नियम होता.

त्यांनी तो पाळला. वाघोबांच्या हातून गुच्छ घेताना त्यांचा चेहरा अगदी कोरा होता. बायकोने बाईंना पाणी दिलं तेही छताकडे बघत. एरवी ही भिंतीशीसुद्धा गप्पा मारेल, आज हिला झालं काय? पण वाघोबांना विचार करायला सवड नव्हती. बायकोने क्लासात शिवलेला नवा शर्ट मानेला सारखा टोचत होता.

लघुपट रंगात आला आणि प्रोजेक्टरने 'फट्' केलं.

"बल्ब गेला. आज काही व्हायचं नाही," वायरमन म्हणाला.

लोक चपला शोधू लागले. तेवढ्यात बायको उठली. "अहो, थांबा की! आमचे हे गिटार वाजवतील. मी आत्ता घेऊन येते!"

"अगं, नको!"

"लाजतात हो ते," असं म्हणत ती गेलीसुद्धा.

सुळावर चढावं तसे वाघोबा मंचावर चढले. डोळे मिटून त्यांनी तारांवर हात मारला. पहिल्या रांगेतलं एक तान्हं मूल दचकून रडू लागलं. वाघोबा घाबरून आणखी जोरात खाजवू लागले, आणि एक तार 'टण्ण' करून तुटली.

मग निवृत्त मास्तर उभे राहिले. कलेतलं आपल्याला सगळं कळतं, हा त्यांचा जुना आजार.

"वा! तुटलेलं मन, साक्षात! अंगावर काटा आला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "पुन्हा एकदा!" मागून आरोळी आली.

"डॉक्टरीणबाई," मास्तर म्हणाले, "तुम्हाला काय दिसलं या वादनात?"

बाईंनी तुटलेल्या तारेकडे पाहिलं. "वाजवणाऱ्याला खूप दिवसांपासून काहीतरी सांगायचं असावं."

वाघोबांचा बांध फुटला. "मला गिटार येत नाही हो!"

"काय हा विनय!" मास्तर गहिवरले.

"विनय कसला! गुरुवारी मी या बाईंकडे जातो. लिफ्टमध्ये माझी छाती धडधडते. वाघ कसला, शेळी आहे मी शेळी!"

बायको तरातरा मंचावर आली. आता चारचौघांत शोभा होणार म्हणून वाघोबांनी मान खाली घातली. तिने तीच मान पकडली आणि शर्टाच्या कॉलरमधून आत दडलेली चिठ्ठी बाहेर ओढली.

"वाचा."

"कोमट... पाण्यात... धुवा. अगं, हा तर विकतचा तयार शर्ट!"

"मला साधं बटण लावता येत नाही. मंगळवारी मीही याच बाईंकडे जाते. झोप लागत नाही, उगाच रडू येतं. वाघाच्या बायकोने हे सांगायचं कुणाला?"

"मला सांगायचंस की!"

"तुम्ही सांगितलंत?"

वाघोबांना हसू फुटलं, मग रडू, मग दोन्ही एकदम. बायकोचंही तेच. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"काय एकांकिका बसवलीय!" मास्तर ओरडले, आणि सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. ही एकांकिका नाही, हे सांगायला वाघोबांनी तीनदा तोंड उघडलं, पण ऐकतो कोण?

दुसऱ्या दिवशी दुकानात मास्तर आले. चष्मा ठणठणीत होता, तरी उगाच काचा पुसत बसले. इतर गिऱ्हाइकं गेल्यावर त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तो गिटारचा क्लास... नवीन माणसाला घेतात का हो तिथे?"

वाघोबांनी डरकाळी फोडली नाही. स्टूल पुढे ओढून ते मास्तरांच्या शेजारी बसले.

"घेतात की. मंगळवारी शिवण, गुरुवारी गिटार. बुधवार बघा तुम्ही. पण वायरमनच्या आधी नाव घाला. तो सकाळीच विचारून गेलाय."