व्यंकटराव चालायला निघाले

हृदयात दोन स्टेंट बसल्यापासून व्यंकटराव स्वतःला गावातला सगळ्यात धडधाकट माणूस समजत. "इंजिन नवं हाय आपलं!" असं ते बाजेवरून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पण बायको शालूबाई त्या नव्या इंजिनाला अंगणाबाहेर सोडतील तर शपथ! तीन महिन्यांनी डॉक्टरनेच फर्मावलं, "रोज अर्धा तास भरभर चाला. आणि चालताना बोलू नका, दम लागेल." तेव्हा कुठे शालूबाई नरमल्या.

"पण ध्यानात ठिवा," त्या म्हणाल्या, "गाडीत घालून आणावं लागलं, तर पुन्हा बाजच!"

बाजेचं नाव निघताच व्यंकटरावांनी झटक्यात मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल अशा थाटात ते पुसेगावच्या रस्त्याला लागले.

आता, आपल्याकडे सत्तरीतला माणूस उगीच भरभर चालत नाही. पारावरून ग्यानबानं विचारलं, "काहून एवढ्या घाईनं?" व्यंकटरावांनी डॉक्टरची आज्ञा पाळत नुसता हात वर केला.

खांद्यावर टॉवेल आणि हात वर! म्हणजे कुणाला तरी देवानं नेलं! ग्यानबानंही टॉवेल खांद्यावर टाकला. "कुणाची तरी माती हाय. चला!"

गुडघ्यांपायी वर्षभर उंबरा न ओलांडलेले शेषराव निघाले, शुगरवाला गोपीचंद निघाला, कमलबाई तर वेशीपासूनच डोळ्यांना पदर लावून! कोण गेलं हे विचारायची कुणाची छाती होईना. गावाला ठाऊक आणि आपल्यालाच नाही, म्हणजे लाजच की! तीस-चाळीस माणसं दीड किलोमीटर मुकाट चालली.

पुलापाशी व्यंकटराव माघारी वळले आणि दचकलेच.

"आरं, कोण गेलं?"

"तुमीच सांगा की!" ग्यानबा म्हणाला.

"मी तर डॉक्टरनं सांगितलं म्हणून चालून राहिलो!"

कमलबाईंनी रडणं थांबवलं आणि शिव्या सुरू केल्या. कुणी मेलंच नाही म्हटल्यावर शेषरावांचे गुडघे एकदम ठणकायला लागले, गोपीचंदला चक्कर आली, आणि सगळे कठड्यावर बसले ते बसलेच. शेवटी टेम्पो बोलवावा लागला. व्यंकटराव मात्र हट्टानं पायी घरी आले. दम नाही, धाप नाही!

शालूबाईंचे डोळे भरून आले. टॉवेल मात्र त्यांनी जप्त केला. पुन्हा घोटाळा नको म्हणून दुसऱ्या दिवशी जरीचा फेटा स्वतःच्या हातानं बांधून दिला.

व्यंकटराव भरभर पारासमोरून गेले. ग्यानबानं निरखून पाहिलं आणि घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली, "अगं, चूल पेटवू नको! कुणाचं तरी लगीन हाय!"